बारावी टाचणी

६ जानेवारी १९९७, सकाळी

राष्ट्रीय महासंघाची आजवरची खरी किंमत: एकशे एकतीस पाकिटं, तेवढीच तिकिटं (जिभेने ओली केलेली, त्यामुळे कालपासून जेवणाला गोंदाची चव) आणि बायकोचा अबोला, दिवस तीन.

देशात जिथे जिथे लष्कराने विषारी रसायनं पुरून जमीन नासवली, तिथे तिथे नागरिकांचं सल्लागार मंडळ आहे. प्रत्येक मंडळ आपापल्या गावात एकटं बसून डोनट खातं. त्यांची मोट बांधायची. बांधणारा: वॉल्ट कुबियाक. एका ट्रकवर सेप्टिक टँक उपसायला सुरुवात केली, आज सहा ट्रक. आमच्या बंद पडलेल्या हवाई तळाच्या मंडळाचा अध्यक्ष. ऑक्टोबरपर्यंत पन्नास राज्यं. लिहून ठेवतो.

रोझालीने अबोला सोडला तो हे सांगायला, की आधी आपल्या कुंपणापलीकडचं बघ. माझ्या बायकोला राष्ट्रीय दृष्टी नाही.

२३ जानेवारी

शाळेच्या कँटीनमध्ये टाचण्यांची संध्याकाळ. कल्पना माझी. तळावरच्या जुन्या कामगारांनी यावं, काय पुरलं ते फॉर्मवर लिहावं आणि कुठे पुरलं तिथे भिंतीवरच्या नकाशात लाल टाचणी टोचावी. शिक्षा नाही, उलटतपासणी नाही. म्हातारे आले, खाल्लं, टोचून गेले. अकरा टाचण्या. एकजण रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. चांगलं नेतृत्व झालं.

माझी टाचणी शर्टाच्या खिशात. अध्यक्षाने टोचणं बरं दिसत नाही, लोकांवर दडपण येतं. शिवाय मी कामगार नव्हतो. कंत्राटदार होतो.

२४ जानेवारी, पहाटे

फक्त एकदाच. फेब्रुवारी १९६८. तळावरच्या कचऱ्याच्या खड्ड्याचा रस्ता बर्फाने बंद. ट्रकमध्ये इंजिनं धुतलेल्या द्रावणाची एक्केचाळीस पिंपं, आणि दुपारी दुसरं काम. शेजारच्या वर्ना टेस्कीबाईंच्या कुंपणामागे जुनी रेतीची खाण रिकामी पडली होती. मी बर्फ उपसतोय असं वाटून बाई थर्मासमधून कॉफी घेऊन आल्या. मी प्यायलो.

पण मातीची मला पारख आहे. तीस वर्षं जमीन उकरतोय. त्या खाणीखाली चिकणमातीचा थर आहे, थेंबभरही खाली उतरायचा नाही. कुठल्याही भूजलतज्ज्ञासमोर छातीठोक सांगेन. (अजून कोणी विचारलेलं नाही.)

८ फेब्रुवारी, शनिवार

हवाई दलाच्या बाजूने लिनफील्ड म्हणून साहेब सहअध्यक्ष आहेत. त्यांचा जीव नकाशावर दूषित पाण्याची हद्द दाखवणाऱ्या तुटक रेषेत. घर रेषेच्या आत असेल तर सरकारी बाटलीबंद पाणी दारात. बाहेर असेल तर नुसतं पत्रक. आणि रेष आखतात टाचण्यांवरून. वर्नाबाई रेषेपासून तीनशे यार्ड बाहेर.

तर काय झालं? गेली दोन वर्षं दर शनिवारी मी स्वतः चार कॅन पोचवतो. बाईंच्या तोंडात त्यांच्या बोअरचा थेंब जाऊ दिलेला नाही. कशासाठी रे एवढं, असं त्यांनी आज विचारलं. म्हणालो, चर्चची योजना आहे. त्या म्हणाल्या, अरे वा, आणि तू चर्चला कधीपासून जायला लागलास?

११ मार्च

महासंघाची पहिली टेलिफोन बैठक. नऊ मंडळं. मी वीस मिनिटं बोललो. विषय: सांगितल्याशिवाय साफ होत नाही. यूटाहून ग्विनेथ बार्लो म्हणून बाई होत्या, त्या म्हणाल्या की तुमचं गाव फारच प्रामाणिक दिसतं, मिस्टर कुबियाक. मी लाइन खराब असल्याचं सांगून फोन ठेवला.

संकल्प: पुढच्या सभेत टोचायची. किंवा त्याच्या पुढच्या. एप्रिलच्या अधिवेशनाआधी अध्यक्षाची बदनामी झाली तर नुकसान राष्ट्राचं.

१९ एप्रिल, टोलीडो, मोटेलमध्ये

खुर्च्या दोनशे. माणसं चौदा. त्यातला एक शेजारच्या हॉलमधल्या लग्नाचा, पण तो शेवटपर्यंत बसला. दर्जा महत्त्वाचा.

ठराव एकमताने मंजूर: प्रत्येक मंडळाने टाचण्यांची संध्याकाळ घ्यावी. बार्लोबाईंनी दुरुस्ती सुचवली की सुरुवात अध्यक्षाने स्वतःपासून करावी. हात वर करा म्हणाले. केला. सगळ्यात आधी माझाच वर गेला, म्हणून टाळ्या पडल्या.

२२ एप्रिल

अधिवेशनामुळे एक शनिवार चुकला, म्हणून आज कॅन घेऊन गेलो. वर्नाबाईंचा हात मुरगळलाय. म्हणाल्या, तळघरात तूच नेऊन ठेव. खाली उतरलो. कॅन. छतापर्यंत कॅन. एकाचंही सील तोडलेलं नाही.

वर येऊन विचारलं. त्या म्हणाल्या, बाटलीतलं पाणी मेलेलं लागतं रे, आणि घेतलं नाही तर तुझं मन मोडलं असतं. कॉफीला आपल्या बोअरचंच पाणी हवं. बस, करते. केली. दोन कप प्यायलो. नको कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

घरी येऊन रोझालीला सगळं सांगितलं. पिंपं, खाण, थर्मास. ती भांडी घासत होती. म्हणाली, एकोणतीस वर्षं झोपेत आकडे मोजतोस. एक्केचाळीसला थांबतोस. मला वाटायचं ट्रकांचे हप्ते असतील.

१५ मे

टोचली. भव्य निवेदन तयार होतं, सात पानी. लिनफील्ड म्हणाले, नागरिकांना तीन मिनिटं, अध्यक्षांनाही तोच नियम, आणि आधी फॉर्म. माझाच फॉर्म, मीच छापलेला. काय पुरलं. किती. कुठे. तीन ओळींत संपलं. सात पानं खिशातच राहिली.

वर्नाबाई तिसऱ्या रांगेत. ओरडतील असं वाटलं होतं. उठल्या, नकाशाजवळ गेल्या, चष्मा वर करून टाचणी बघितली. मग म्हणाल्या, मी तुला कॉफी आणली होती, वॉल्ट. एवढंच. लेक घ्यायला आली होती, तिच्या गाडीत बसून गेल्या.

मी घरी आल्यावर रोझालीला म्हणालो की चिकणमाती आहे, काही निघणार नाही.

२५ मे

अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. आग्रह करतील म्हणून दोन दिवस फोनजवळ बसलो. महासंघाचं पुढचं पत्रक बार्लोबाई काढणार. वर्नाबाईंच्या घरी आता लिनफील्डची गाडी पाणी टाकते. शनिवारी मी कॅन घेऊन गेलो, तर दार लेकीने उघडलं आणि लावलं.

९ जून

प्रयोगशाळेचा कागद आला. टेस्की यांचा बोअर: इंजिन धुण्याचं द्रावण, एक अब्जात चौसष्ट भाग. मर्यादा पाच. सोबत खाणीतल्या खोदाईचा तक्ता: पृष्ठभागापासून ऐंशी फुटांपर्यंत रेती.