देवळाली ते इगतपुरी, सहा भोकं

१२ फेब्रु., गुरु.
गवंडी दगाभाऊंनी आज दादाचा पाइप काढला. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीला धरून चालण्यासाठी बसवलेला. सहा ब्रॅकेटं. हातोड्याच्या प्रत्येक ठोक्याला ब्रॅकेटबरोबर ओंजळभर गिलावा खाली. आत वीट, लाल, जशी लावली त्या दिवशी असेल तशी. दादा जाऊन चार महिने.

दगाभाऊ भाडेकरूंसाठी न्हाणीघराच्या फरशा बदलतायत. भोकांना हात लावणार नाहीत म्हणाले. "तुम्हीच बुजवा सर. रिटायर मानसाला बरं असतं."

१३ फेब्रु.
मुग्धाचा फोन. बहिणीची मुलगी, पुण्याची. रविवारी, बावीसला, गाडी घेऊन येणार. मला न्यायला, कायमचं. एक मार्चला भाडेकरू. होकार मी जानेवारीतच दिला आहे.
"मामा, पुस्तकं चाळीसच हं. खरंच जागा नाहीये."
"बरं."
"आणि ती भिंत नीट होऊ दे. त्या लोकांनी फोटो मागितलेत."
संध्याकाळी गच्चीवर. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या एकाच धुराड्यातून धूर. दादाच्या सगळ्या पाळ्या तिथे गेल्या.

१४ फेब्रु.
वाळू चाळली. भोकांतला भुगा ब्रशने काढला. वीट भिजवली, ओतलं तेवढं पाणी प्यायली. कोरडी ठेवली तर कालवलेल्या मालातलं पाणी ओढून घेते, दगाभाऊंनी बजावलं होतं. प्रमाणही सांगितलं होतं, एक सिमेंट, पाच वाळू. मी दोनच वाळू घेतली. पक्कं व्हावं म्हणून.

तीन भोकं भरली. देवळाली, लहवित, अस्वली.

नावं दादाची. पलंग म्हणजे नाशिकरोड, न्हाणीघराचं दार म्हणजे इगतपुरी. दर ब्रॅकेटला स्टेशन पुकारायचा. मी मागे, हात त्याच्या पाठीपासून चार बोटं लांब. घोटीला दम लागला की म्हणायचा, सिग्नल नाही. शेवटच्या महिन्यात गाडी अस्वलीपुढे...

१७ फेब्रु.
तिन्ही तडकली. केसासारख्या रेघा. बोटाने ठोकलं, पोकळ वाजलं.
दगाभाऊ हसले. "किती शिमिट घातलं सर?"
सांगितलं.
"शिमिट म्हंजे तूप शे का, जास्त घातलं का चांगलं? लय घातलं का आकसतं, मंग फाटतं." छिन्नी हातात दिली. "उकरा आता."
निघताना चप्पल घालत म्हणाले, "पाइप बसवला तव्हा तुमच्या भावानी मला शिट्टी मारायला लावली व्हती. शिट्टी मारली, मंग पाऊल उचललं."
मी तेव्हा औषधं आणायला गेलो होतो. हे मला माहीत नव्हतं.

१८ फेब्रु.
तिन्ही उकरून पुन्हा भरली. एकाला पाच. आज पातळ थर, उद्या दुसरा.
मु.ला फोन केला. काम पुन्हा करावं लागलं, सात दिवस पाणी मारावं लागेल, रविवारी जमत नाही.
"मामा, भिंतच आहे ना? गवंडी मारेल की पाणी."
"ते रोज येत नाहीत."
रोज येतात.
"मग शनिवारी, अठ्ठावीसला. त्यापुढे मला खरंच नाही जमणार. नक्की?"
"नक्की."

२० फेब्रु.
पाणी सकाळी, जेवणानंतर, दिवेलागणीला. घरात पुन्हा तीन वेळा झाल्या. दादाच्या गोळ्यांच्याही तीनच होत्या.
आज दूधवाला सोडून कोणाशी बोललो नाही. दगाभाऊंची सुट्टी, सटाण्याला लग्न. दुपारी भिंतीजवळून जाताना "लहवित" म्हणालो, मोठ्याने. खोली रिकामी, आवाज फार झाला.

२४ फेब्रु.
अस्वलीपर्यंत पक्की. ठोकल्यावर भरीव आवाज. पाडळी आणि घोटी परवा भरली होती, तीही बसली. गिलाव्यावर लाकडी रंधा फिरवायला जमू लागला. दगाभाऊ म्हणाले, "आता या कामाला माझ्यासंगं." मी हसलो. बऱ्याच दिवसांनी, बहुतेक.
इगतपुरी उरली. पुस्तकं एकतीस झाली. पुढची नऊ निवडवत नाहीत.

२६ फेब्रु.
इगतपुरी. वीट भिजवली. घमेल्यात पाच थाप्या वाळू, एक सिमेंट. मग सिमेंटची आणखी एक. जरा थांबलो. मग आणखी एक.
कालवलं. माल काळपट, लोण्यासारखा, थापीला चिकटून राहणारा.
दगाभाऊंचा शेवटचा दिवस. नळावर हत्यारं धूत होते. हात पुसत आले, घमेल्यात पाहिलं. चिमूटभर माल बोटांत चोळला. माझ्याकडे पाहिलं नाही.
"छिन्नी ठेवून जाऊ का सर?"
"असू द्या."
छिन्नी फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवली. पिशवी उचलली. जिन्यात शिट्टी ऐकू आली, एकदाच.
मी भोक भरलं.

२७ फेब्रु., शुक्र.
मु.चा फोन. "उद्या दहापर्यंत पोचते. झालं ना सगळं?"
"पाच झाली. सहावं वाळतंय."
"म्हणजे झालंच की."
सहाव्यावरून बोट फिरवलं. ती म्हणाली, "मामा?"
अजून रेघ नाही. सकाळी पाणी मारलं नाही. दुपारी खिडकीतलं ऊन नेमकं तिथेच येतं. पडदा ओढलेला नाही.