उकिरड्याखालचं रेशीम

प्रिय आल्बाँ,

आधी ‘कर्नलसाहेब’ लिहिलं होतं, मग खोडलं. ज्याने आमच्या माळ्यावर गवतात तीन रात्री काढल्या, माझ्या आईच्या हातची काळ्या पिठाची धिरडी खाऊन बोटं चाटली, त्याला कसलं साहेब म्हणायचं? खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याला आमच्या ब्रिटनीत साहेब म्हणत नाहीत. संत मिशेलच्या सणाला तू गावात येतोयस म्हणे. तुम्हा पॅराशूटवाल्यांचा राखणदार तो, त्याच्याच दिवशी चर्चसमोरच्या नव्या स्मारकशिळेवरचा पडदा तुझ्या हातून निघणार. शिळेवर तुझ्या सहा जवानांची नावं आहेत. माझ्या बाबांचं नाही. का नाही, ते गावाला विचारण्यापेक्षा स्वतःलाच विचार.

तुझं सगळं मोठेपण अख्ख्या फ्रान्ससारखं आम्हीही रेडिओवर ऐकत आलो. वकिलाचा मुलगा, चाळीस साली मासेमारीच्या होडीतून इंग्लंडला पळालास, तिथे विमानातून उडी मारायला शिकलास आणि चव्वेचाळीसच्या जूनमध्ये आमच्या बार्लीत येऊन पडलास. मग इंडोचायना, मग अल्जेरिया. छातीवर जागा उरली नाही इतकी पदकं मिळवलीस. शूर आहेस, ते मी नाकारत नाही. पण प्रत्येक मुलाखतीत तुझं तेच तुणतुणं: ‘एका शेतकऱ्याने माझं पुरलेलं पॅराशूट जर्मनांना खणून दिलं, म्हणून ते जंगलापर्यंत पोचले. काम झाल्यावर त्यांनी त्यालाही गोळी घातली.’ नाव तेवढं घ्यायचा नाहीस. अरे, त्या दिवशी गावात मेलेला शेतकरी एकच होता! आई पाव आणायला गेली की दुकानातल्या बायका गप्प व्हायच्या. पाववाली फिलोमेन तिला सगळ्यांत शेवटी, कालचा पाव द्यायची. त्याच पावावर माझी आई जगली आणि मान खाली घालूनच गेली.

आता काय झालं होतं ते तुला आठवत नसेल, तर मी आठवण करून देते. ज्याचं पॅराशूट त्याने ते उतरल्या उतरल्या स्वतःच्या हाताने पुरायचं, हा तुमचा नियम. तुझा पाय मुरगळला होता. बाबा म्हणाले, “झोप लेकरा, मी पुरतो. उकिरड्याखाली घालतो, जर्मन नाक दाबून पळतील.” तू हसलास. तेव्हा तू मला आवडला होतास, सांगून टाकते. तिसऱ्या सकाळी आमच्या पेनवेन गायीचं दावं तुटलं. तूच खिशातून तुझ्या पॅराशूटची कापलेली पांढरी दोरी काढलीस आणि तिच्या गळ्यात बांधलीस. शहरातलं पोर, आपण मारलेल्या गाठीकडे बघून खूश झालास. मग लंगडत जंगलात गेलास. दुपारी जर्मनांची गस्त आली, आणि त्यांच्या सार्जंटने थेट गायीच्या गळ्यालाच हात घातला. तसली दोरी गायीच्या गळ्यात असते का रे कुठे?

बाबांना विहिरीपाशी उभं केलं. “पॅराशूट कुठाय?” बाबा म्हणाले, “मला काय ठाऊक? दोरी तिच्या गळ्यात आहे, तिलाच विचारा.” माझा बाप मरतानाही चेष्टा करत होता, आल्बाँ. त्याला गोळी घालून ते दोरी घेऊन जंगलाकडे वळले. तुझे सहा जवान तिथेच मेले. तू ओढ्यापलीकडे होतास म्हणून वाचलास, त्याचा मला राग नाही. पण संध्याकाळी तू परत आलास, गायीचा रिकामा गळा पाहिलास आणि माझ्याकडे न बघता निघून गेलास. म्हणजे तुला कळलं होतं. मी गावभर दोरीचं सांगत सुटले, तर लोक म्हणाले, “बापाचं पाप अधिकाऱ्याच्या माथी मारतेस होय गं?” पदकांपुढे माझं कोण ऐकणार?

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. यंदा वसंतात नव्या गोठ्याचा पाया खणताना उकिरड्याखाली सफरचंदाच्या सायडरचं जुनं पिंप लागलं. मी कुणाला हात लावू दिला नाही. आधी सगळ्या गावाला बोलावलं, मग झाकण फोडलं. आत तुझं पॅराशूट, घडी करून ठेवलेलं, कोरडं ठणठणीत, तुझ्या नंबराचा शिक्का कापडावर तसाच. आणि एक दोरी सुरीने कापलेली. खणून कुणी दिलं म्हणालास? वीस वर्षं ते माझ्या बाबांनी पुरलं तिथेच होतं. फिलोमेन शेणातच गुडघ्यांवर बसली आणि ढसाढसा रडली. मी तिला उठवलं नाही. रडू दे म्हटलं, माझी आईही रडली होती.

एका पॅराशूटमध्ये किती कापड निघतं, तुला कल्पना नसेल. आमच्या बायकांच्या सणाच्या पांढऱ्या टोप्या तुला ठाऊक आहेत. यंदा गावातल्या प्रत्येक बाईची टोपी त्याच रेशमाची आहे, आणि शिवण्यात फिलोमेन सगळ्यांच्या पुढे. शिक्क्याचा तुकडा माझ्या टोपीवर, बरोबर कपाळाच्या वर. तू पडदा ओढायला वळशील तेव्हा आम्ही समोर उभ्या असू. कुणी एक शब्द बोलणार नाही. शिळेवर सहा नावांखाली एक ओळ कोरी सोडलेली आहे, गवंडी छिन्नी घेऊन बाजूला बसलेला असेल. बाबांचं नाव त्याला मोठ्याने तू सांगायचंस, गायीच्या दोरीसकट. आला नाहीस, तर तुझी रिकामी खुर्ची गावाला काय ते सांगेल.

आधी का कळवलं, असं वाटेल तुला. अचानक सगळं समोर आलं असतं तर तू एका क्षणात सावरला असतास. उड्या मारणारी जात तुमची, खाली काय आहे ते न बघताही उतरता. मला ते नको होतं. सणाला अजून तीन आठवडे आहेत. माझ्या आईला मरेपर्यंत झोप नव्हती. तुझी निदान तीन आठवडे तरी उडावी, एवढ्याचसाठी हे पत्र लिहिलं.

तुझीच, म्हणजे तू ज्याला गद्दार ठरवलंस त्या जोबची लेक,
सोइझिक