रांगेत उभं राहून घेतलेली गोळी

कामरगाव, रविवार, १६ नोव्हेंबर

कॅनडाला भावाकडे जाऊन आल्यापासून एक ओळ लिहिली नाही, चुकलंच. पण आज लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

संध्याकाळी मेथीच्या जुड्या बांधताना धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तिकडं गांजा दुकानात भेटते म्हणे. आणला का?"

मिळाला नाही, असं सांगून सुटता आलं असतं. पण खोटं का बोलायचं? तिथे तो कायदेशीर आहे. मी दिवसाढवळ्या रांगेत उभी राहून गांजाची गोळी घेतली. वर भाजी घेतल्यासारखं, आधी वास घेऊ द्या, असंही म्हणाले! दुकानातली मुलगी हसली.

"घेतली, खाल्ली. रांगेत उभी राहून," मी म्हणाले. "उरलेली अर्धी तिथंच ठेवली. इथं आणून मी जेलात गेली असती, तर डबा तुमी आणला असता का?"

"तो कायचा आणते! त्याले वावरात डबा न्यायचा कंटाळा येते," सासूबाई मध्येच बोलल्या.

दिरांना बोलून झालं, आता माझी पाळी, असं वाटलं.

"चव कशी होती वं?" सासूबाईंनी विचारलं.

"आंब्याच्या वडीवानी."

"मंग पुढच्या खेपेले मलेही घेऊन चाल."

उद्या: पासपोर्टसाठी सासूबाईंचा फोटो काढून आणणे.