बारावा टेक

प्रिय भागूबाई,

चाळिशी गाठलीस तरी हे नाव माझ्या तोंडून जात नाही. झुरळ दिसलं की तू अशी किंकाळी फोडायचीस की शेजारचे काका काठी घेऊन धावत यायचे. त्यावरून बाबांनी तुला भित्री भागूबाई केलं ते कायमचंच. सोमवारी तुझा निरोप आला, की सिनेमाचा दुसरा भाग विनोदी केलाय म्हणे, मग मुलांना घेऊन पहिल्याच दिवशी येते, माझी किंकाळी एकदाची मीही ऐकते. तेव्हापासून मी एका जागी धड बसलेली नाही. हे पत्र तीनदा सुरू करून फाडलं. मध्ये उठून भांडी घासली, ती आधीच घासलेली होती.

सिनेमाचं आधी सांगते, ते सोपं आहे. पहिल्या भागात तो मुखवटेवाला नुसता जिन्यात उभा राहिला तरी लोक खुर्चीचे हात घट्ट धरायचे. पण सात वर्षांत तो मुखवटा चहाच्या कपांवर आला, पोरांच्या दप्तरांवर आला. दप्तरावरच्या खुन्याला कोण भिणार? लोक हसणारच असतील तर आपणच हसवू, असं दिग्दर्शक म्हणाला. म्हणून आता खुनी कुऱ्हाड परजत येतो आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून घसरतो. मुखवट्याच्या आत त्याच्या चष्म्यावर वाफ धरते. एका घरात एक निवृत्त शिक्षिका त्याला दारातच बूट काढायला लावते, आणि हा बापडा भोक पडलेल्या मोज्यात उभा. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. माझं कामही पालटलं. तेव्हा सुऱ्याच्या वारांचा आवाज काढायला मी टोपलीभर कोबी फोडला होता आणि आठवडाभर घरी तोच खाल्ला. आता ओल्या रबरी चपला हातात घालून दिवसभर फरशीवर पचपच करत बसते.

आणि तो आपटला की दर वेळी तुझी किंकाळी वाजते. अख्ख्या सिनेमात नऊ वेळा. ही दिग्दर्शकाची शक्कल. पहिल्या भागात जिने लोकांची झोप उडवली तीच किंकाळी, फक्त भलत्या जागी. परवा थोड्या लोकांना बोलावून सिनेमा दाखवला. तिसऱ्या वेळेपासून लोक किंकाळीची वाटच बघू लागले, सहाव्या वेळी एक गृहस्थ डोळे पुसत होते. मी उठून बाहेर गेले आणि पाणी न पिता नुसती नळापाशी उभी राहिले. शिपायाने विचारलं, बाई, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, आत गरम होतंय. एसी इतका होता की सगळे अंग चोरून बसले होते.

तुला तो दिवस आठवतो का, हे विचारण्यात अर्थ नाही. किंकाळीसाठी चार बायका बोलावून झाल्या होत्या, एकीचीही खरी वाटेना, म्हणून मी तुला बोलावलं. घरचं झाड असताना बाजारातून फुलं कशाला आणायची, असं वर मीच म्हणाले. स्टुडिओतल्या जाड काचेपलीकडे तू, अलीकडे मी. अकरा टेक झाले आणि अकराही वेळा ओरडून झाल्यावर तू खो खो हसलीस. फोन बाहेर ठेवायचा हा आमचा पहिला नियम. तो तू मोडलास, खिशात ठेवलास, आणि त्यावर आईचा फोन आला. बाबा दुकानात बसल्या जागी गेले होते.

पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला तू सांगायचीस, ताई काचेपलीकडे नुसती सुन्न होऊन बसली, बिचारीला दार उघडायचंही भान राहिलं नाही. ते ऐकून आईने मला कुशीत घेतलं होतं. मी घेऊ दिलं. कामावर परतल्यावर दिग्दर्शकाने किंकाळी मागितली आणि मी दिली. त्याच्या अंगावर काटा आला. कोणता टेक घेतलास, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, सहावा. तू भीतीने सिनेमा कधी पाहिलाच नाहीस, त्यामुळे माझं खोटं तुझ्या भित्रेपणाच्या आडोशाला सात वर्षं सुखाने राहिलं.

सोबत एक कागद आहे, तुझा आवाज वापरायच्या परवानगीचा. तेव्हा तुझी सही घ्यायची राहून गेली होती, ते आता वकिलाच्या लक्षात आलं. शुक्रवारी सकाळी सिनेमाचा आवाज पक्का होतो, त्याआधी सही हवी. बहीणच तर आहे, दोन ओळी लिहून टाका, असं दिग्दर्शक म्हणाला. त्या दोन ओळी लिहायला मी बसले होते. तो सहावा टेक नव्हता गं, बारावा होता. रेकॉर्डिंगचं मशीन चालूच होतं. काल मी ते सगळं पुन्हा ऐकलं. तुझी किंकाळी संपल्यापासून दार उघडल्याच्या आवाजापर्यंत अकरा सेकंद जातात. मी सुन्न झाले नव्हते. काय झालंय ते मला ठाऊक नव्हतं, पण ही खरी आहे एवढं पहिल्याच क्षणाला कळलं होतं. आवाज फाटू नये म्हणून मी आधी तो कमी-जास्त करायची पट्टी खाली ओढली. मग तो पुरता विरेपर्यंत थांबले, कारण दार उघडलं असतं तर त्याची करकर त्यात आली असती. तू काचेवर दोन्ही हात टेकून माझ्याकडे बघत होतीस, आणि मी आवाज मोजणाऱ्या काट्याकडे बघत होते. सही करू नकोस. त्या नऊ ठिकाणी ओरडायला मी आहे.

तुझीच,
ताई