मालकिणीच्या बाजूचं दार

२ फेब्रु., सोम.
सुजी हिंगोलीहून आली. नर्स हाय, आता माझी जुनी गाडी तीच वापरणार. ड्रायवरचं दार उघडलं तर आतला पुठ्ठा रेक्झिनसकट हातात आला. "पपा, ओल लागून सडून राहिलं सगळं. आई गेली म्हणून गाडीबी अशीच मारायची का?" म्हणलं, तुला वाटंल तसं कर. मला काही वाटूनच न्हाई राहिलं. जेवलो. भाजी कशाची होती, ध्यानात न्हाई.

४ फेब्रु.
डाव्या दाराशी उभा राहिलो. मालकीण इथं बसायची, सुजीची आई. जन्मभर एसटी चालवली, ती आपली मागच्या बाकावर. रिटायर होऊन ही गाडी घेतली तव्हा पहिल्यांदा शेजारी बसली. दाराचं रेक्झिन फाटलं तर गोधडीच्या सुईनं, जाड लाल दोऱ्यानं शिवून टाकलं. वाकडंतिकडं. म्हणलं, "गोधडी हाय व्हय ही?" तर म्हणे, "तुमी समोर बघून चालवा." त्या टाक्यांवर कोपर टेकवायची. शेजारी तिची टिकली चिकटलेली हाय अजून.

६ फेब्रु.
गाडी वसमतला टाकली, कुशनवाल्या उस्तादकडं. सुजीनं चालवली, मी मागं बसलो. "मागं काहून, पपा?" रंग तिनंच निवडला, राखाडी. निघताना उस्तादला बाजूला घेऊन सांगितलं, "सगळं करा. फक्त मालकिणीच्या बाजूचं दार हाय तसं राहू द्या." "बराबर, ड्रायवरसाब. फिकर नक्को."
एसटीनं आलो परत. बाजारात हळद आलेली, बसमधीबी तोच वास.

१० फेब्रु.
चहा ठेवला, उतू गेला. पुसून घेतलं. बाकी काही न्हाई.

१३ फेब्रु.
उस्तादचा फोन, गाडी तयार. एकटाच गेलो. ड्रायवरच्या दाराचा सडका पुठ्ठा तसाच, वर कापड झाकून जपलेला. डावं दार नवं कोरं, राखाडी.
"हे काय केलं हो?"
"तुमीच बोले ना, मालकीन की बाजू! गाडी कौन लाई? रंग कौन पसंद किया? स्टेरिंगपे बैठी वोच तो मालकीन!"
"अहो, मालकीण म्हंजी माझी बायको. वारली ती."
उस्ताद मटकन खाली बसला. "या अल्ला." त्याचं काय चुकलं? मालकिणीचं नाव मी कधी तोंडानं घेतलंच न्हाई, त्याला दुसरं काय सांगणार होतो.
जुनं कुठंय विचारलं. म्हणे, डावा पुठ्ठा चांगला होता, म्हणून जुन्या रेक्झिनवरच सोल्युशन लावून नवं चढवलं. "निकालू क्या? पन पुराना भी साथमें फटेंगा."
राहू द्या म्हणलं. गाडी घेऊन आलो. रस्त्यात काही वाटलं न्हाई.

१५ फेब्रु., रवि.
सुजीला सांगितलं तर ढसाढसा रडली पोरगी. मी कोरडाच. दुपारी अंगणात गाडीत बसलो, डाव्या बाजूला, पहिल्यांदाच. नव्या रेक्झिनवरून बोटं फिरवली. गुळगुळीत. मग कोपर टेकतं तिथं उंचवटा लागला. वाकडातिकडा. टाके. एकामागं एक बोटाला लागत गेले. टिकली काही लागली न्हाई.
सुजी ब्लेड घेऊन दाराशी. "पपा, हळूच काढून बघू का?"
बोलायला गेलो तर नाकाडोळ्यातून पाणी. तोंडातून एवढंच निघालं, "सुलोचना."
सुजीनं हात मागं घेतला. मग ब्लेड डॅशबोर्डवर ठेवून स्वयंपाकाला गेली.
ब्लेड तिथंच हाय. काय करावं, ठरत न्हाई.