पोस्टकार्डावरचं बिनचूक वाक्य

सर, परवा मी वर्गात एका पोरीला गप्प बसवलं, आणि ती बरोबर होती. हे इथं कुणाला सांगायची सोय नाही. स्टाफरूममध्ये सांगावं तर म्हणतील, सोडा हो मॅडम, बारावीच्या पोट्ट्यांचं काय घेऊन बसलात. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणेल, तू चुकलीस? थांब, कॅलेंडरवर लिहून ठेवतो. म्हणून आज रविवारी, दुपारची भांडी आटोपून, तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होत आली, त्यामुळे मधेच थांबवून "वाक्य पूर्ण कर" म्हणणार नाही. जिवंतपणी एकदाही सोडलं नाही तुम्ही ते.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. परवा तुमचाच धडा चालू होता, रिलेटिव्ह क्लॉज. दोन वाक्यं जोडून एक करायचं. मी फळ्यावर लिहिलं, 'माय ब्रदर हू लिव्हज इन नागपूर इज अ ड्रायव्हर', आणि घाईत सांगून टाकलं की मधे स्वल्पविराम द्या, नाहीतर नका देऊ, अर्थ तोच. तिसऱ्या बाकावरची एक पोरगी उठली. "मॅडम, स्वल्पविराम नाई दिला तर भाऊ एकाहून जास्त होतात ना? त्यातला नागपूरवाला कोणता, ते सांगतो आपण." घंटा व्हायला आली होती, माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "बस खाली. पेपर तपासणारा तुझे भाऊ मोजायला बसला नाही." वर्ग खो खो हसला. घरी येऊन पुस्तक उघडलं, तर पोरगी शंभर टक्के बरोबर. काल ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती, वही मिटून. एरवी पहिला हात तिचा वर होतो, काल एकदाही झाला नाही. माझ्या एका टोमण्यानं तिनं तोंड उघडायचंच सोडलं तर ते माझ्याच माथी. उद्या सकाळी पहिला तास तिच्याच वर्गावर आहे. सगळ्यांसमोर कबूल करायचं, की उजळणीच्या नावाखाली बरोबर ते सांगून सारवासारव करायची? सारवासारव मला छान जमते, सर. वीस वर्षं शिकवते आहे.

पण समोर तुम्ही येऊन उभे राहता, तो तुमचा विटका निळा सदरा, खिशात खडूचा तुकडा. तुम्ही सिरोंच्याकडचे. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि इंग्रजी तर सगळ्यांनाच परकी. धानोऱ्याजवळच्या आमच्या शाळेत आठवी ते दहावी इंग्रजीचे मास्तर म्हणजे तुम्ही एकटे. एकदा तुम्हीच सांगितलं होतं, "आमच्या तेलुगूत काल आलेला माणूस म्हटलं की झालं. हे तुमचं जो-तो मले शिकाले लय दिवस लागले. छड्या खाल्ल्या त्याच्यापायी." मार खाऊन शिकलेली गोष्ट माणूस हातची सोडत नाही, हे मला फार नंतर कळलं.

धानाच्या रोवणीचे दिवस आठवतात. मी आठवडाभर शाळेत नाही, म्हणून तुम्ही सायकल आडवी टाकून थेट आमच्या शेतातल्या बांधीवर. मी गुडघाभर चिखलात, हातात धानाची पेंढी, आणि तुम्ही बांधावरून विचारता आहात, "हू म्हणजे काय व पोट्टे?" माय वैतागली. "मास्तर, तिले रोवू द्या. सकाळी जो बांध फुटला, तो अजून तसाच पडला हाये, अन् तुमचं काय चालू हाये?" तुम्ही टाळीच वाजवली. "बस! बाई, हेच! हेच इंग्रजीत! जो म्हणजे हू, तो म्हणजे ही. द मॅन हू केम यस्टर्डे, ही इज माय अंकल!" मायला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण त्या दिवसापासून ती गावभर सांगत फिरायची की इंग्रजी तिच्याच वाक्यावर चालते. आणि तुम्ही म्हणाला होतात, "तेंदूपत्त्याचा पुडा बांधता ना? दोन वाक्यं अशीच बांधाची. दोर पक्का पाहिजे." आम्ही सगळ्यांनी पक्का दोर बांधला. फुटलेला बांध बुजवेपर्यंत तुम्ही मायला मदत केलीत, आणि जाताना मी दुसऱ्या दिवशी शाळेत येईन असं तिच्याकडून कबूल करून घेतलंत.

मग मी नागपूरला कॉलेजात गेले. आमच्या गावातून इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी पहिली मी. पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी माझा निबंध वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. "द टीचर हू टॉट मी, ही इज फ्रॉम सिरोंचा." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "कर्ता एकदा येऊन बसला ना? मग त्याला दारातून पुन्हा कशाला बोलावलंत?" काय हसले सगळे! हॉस्टेलच्या पोरींनी तर गाणंच केलं, "धानोऱ्याची जी पोरगी, ती आली, ती आली." मी मोरीत जाऊन रडले. माझ्या आयुष्यातलं पहिलं लांब इंग्रजी वाक्य, आणि ते तुमच्यावर लिहिलेलं.

दिवाळीनंतर धानोऱ्याच्या बाजारात आपली गाठ पडली. तुम्ही चहाच्या टपरीवरून ओरडलात, "अरे, हे पाहा, हे माही विद्यार्थिनी! नागपूरले इंग्रजी शिकून राह्यली!" चार माणसं वळून बघायला लागली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "सर, तुम्हाले येत नव्हतं तर शिकवलं काऊन?" त्या चार माणसांसमोर. आज लिहितानाही माझे कान गरम होतात. तुम्ही रागावला नाहीत. खिशातला पेन काढला, भज्याचा कागद पुढं केलात, म्हणालात, "दाखव." मी लिहून दाखवलं, आणि मधला तो 'ही' खोडला. तुम्ही तो तेलकट कागद जवळ धरून एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलात. मग हळूच म्हणालात, "म्हणजे गाठ मारल्यावर उरलेला दोर कापाचा असते. अन् मी इतके वर्षं..." पुढचं वाक्य पूर्ण केलं नाहीत. तुमचं अर्धं सोडलेलं तेवढं एकच वाक्य मी ऐकलं. मग विचारलंत, "हे सांगाले तू नागपूरवरून आली?" कागदाची घडी घालून खिशात ठेवलीत आणि सायकलवर बसून गेलात.

महिन्याभरानं हॉस्टेलवर पोस्टकार्ड आलं. मला वाटलं, मला एकटीलाच असेल. कसलं काय! सुट्टीत घरी गेले तर माझा मामेभाऊ कार्ड घेऊन दारात. तो नववीत शाळा सोडून बकऱ्या चारायला लागला होता. "हे काऊन आलं व? मी तं इंग्रजी कवाचीच सोडली." तो तुम्हाला विचारायलाही गेला होता. तुम्ही म्हणालात, "तू सोडली, पण मी तुले शिकवली होती ना?" जुनी हजेरीपत्रकं काढून, जिथं पत्ता होता तिथं टपालानं, जिथं नव्हता तिथं एसटीच्या कंडक्टरच्या हातून, तुम्ही आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकच मजकूर पाठवत होतात. लोकांनी नावं ठेवली. मास्तर आपल्या हातानं आपली इज्जत घालवून राह्यला, म्हणाले. हेडमास्तरांनी बोलावून समज दिली. तुम्ही लिहितच राहिलात. आणि माय? तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग माह्यं वाक्य चुकलं का?" मी म्हटलं, नाई माय, मराठीत तुझं बरोबरच हाये. "मंग ठीक हाये," म्हणाली. "त्या इंग्रजाईले एक तो जास्त होत असन तं त्याहीचं त्याही पाहावं."

इथवर लिहून काल उठले होते. आज सोमवार. पहिला तास झाला, स्टाफरूममध्ये बसून पुढचं लिहिते आहे.

गेले वर्गात. पोट्टी शेवटच्या बाकावर, मान खाली. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'द गर्ल हू शोड मी माय मिस्टेक इज ऑन द लास्ट बेंच.' वळून म्हटलं, "शुक्रवारी मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. ती बरोबर होती. आणि मी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं, ते त्याहून वाईट केलं." पोरगी लालबुंद झाली. मग उठली, दप्तर उचललं आणि येऊन तिसऱ्या बाकावर आपल्या जागी बसली. म्हणाली, "मॅडम, आता फळ्यावरचं वाक्य खोटं झालं." वर्ग हसला, मीपण हसले, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते पदरानं पुसलं. हे मी तुमच्याकडून शिकले, सर. इंग्रजी नंतर कुणाकडूनही शिकता आलं असतं.

पण पोरीचं ते बोलणं डोक्यातून जात नाही. तुमचं कार्ड माझ्या पर्समध्येच असतं, कडा फाटल्यात, शाई फिकटलीय. आता समोर ठेवलंय. 'द गर्ल हू केम फ्रॉम नागपूर टु शो मी माय मिस्टेक इज माय स्टुडंट.' म्हणजे, माझी चूक दाखवायला जी मुलगी नागपूरहून आली, ती माझी विद्यार्थिनी आहे. खाली मराठीत, 'मी तुम्हाला चुकीचे शिकवले. हे वाक्य बरोबर आहे. दहा वेळा लिहा.' किती घरांत ते दहा-दहा वेळा लिहिलं गेलं असेल, देव जाणे. माझ्या मामेभावानं लिहिलं होतं, बकऱ्यांमागं बसून.

सर, मी तुमची चूक दाखवायला आले नव्हते. मामेबहिणीच्या लग्नाला आले होते आणि बाजारात बांगड्या घेत होते. तुम्ही टपरीवर दिसलात तशी मी बांगडीवाल्याच्या आड लपले, तुमच्याशी बोलावं लागू नये म्हणून. तुम्ही तरीही ओळखलंत आणि हाक मारलीत. तुम्ही विचारलंत, सांगायला आली का, तेव्हा मी नुसती 'हो' म्हणून मान डोलावली. कार्डावरच्या वाक्यात व्याकरणाची चूक एकही नाही. फक्त ते खरं नाही, आणि मी ते दहा वेळा लिहून काढलं.