भिंतीपलीकडे कोणी नाही

माझी खोली भाड्याने द्यायला निघालीस म्हणे! मी अजून मेलेली नाही.

धाकटे, तुला ताईचा आशीर्वाद, चिडून का होईना.

मी बरी आहे. इथे शहराबाहेर घर मोठं, हवा स्वच्छ. मुलगा म्हणतो, "आई, किती शांत आहे ना!" तो आणि सून कामाला गेले की हीच शांतता खायला उठते. शेजारीण गाडीतूनच हात हलवते. आपल्या गल्लीत निदान भांडायला तरी माणूस मिळायचं.

मंगळवारी न्हाणीघरात पाय घसरला. काही मोडलं नाही, घाबरू नकोस. पडल्या पडल्या सवयीने भिंतीवर थापा मारल्या, तू धावत येशील म्हणून. मग आठवलं, पलीकडे नुसतं गवत आहे. संध्याकाळी सून येईपर्यंत ओल्या फरशीवरच होते. तिला म्हटलं, आत्ताच पडले. तेव्हापासून ती घरी असल्याशिवाय मी अंगावर पाणी घेत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? अजून सकाळी उठल्यावर माझी भिंत ठोकतेस का?

खोली कोणाला देऊ नकोस. मला न्यायला ये. आणि उत्तर तूच लिही, तुझ्या लेकाला लिहायला लावू नकोस. तो मेला आधी माझ्या मुलाला फोन करेल.